ज्यांच्याकडून काम शिकलो, त्यांचाच वरिष्ठ झालो; आता गट कसा बांधावा?

कुपवाडचा सेटर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या मशीन शॉपमध्ये गेली नऊ वर्षे काम करतो. त्यांपैकी आठ वर्षे सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, म्हणून काढली आणि गेल्या दिवाळीनंतर मला शिफ्ट सुपरवायझर करण्यात आले. माझ्या हाताखाली चौदा माणसे आहेत. त्यांतील पाच प्रशिक्षणार्थी असून बाकीचे माझ्या बरोबरीचे किंवा माझ्याहून जुने आहेत. सर्वांत जुने म्हणजे तात्या. सारे शॉप त्यांना याच नावाने हाक मारते. बारीक माप घेण्याचा मायक्रोमीटर कसा धरावा हे मला त्यांनीच शिकवले. आज त्यांच्या रोजच्या नोंदीखाली माझी सही लागते आणि अडचणीची सुरुवात तिथूनच होते.

मागच्या महिन्यात रात्रपाळीत एक प्रकार घडला. पंपाच्या एका भागाला ४० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, करायचा होता आणि वरच्या बाजूला जेमतेम ०.०२५ मिलिमीटरची सूट होती. रात्री दोनच्या सुमारास तात्यांनी बोअरिंगचा इन्सर्ट (कापणारी पात) बदलला आणि ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, देताना वजाच्या जागी अधिक चिन्ह दाबले गेले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा काप घेऊन नग वाचवता आला असता. तो मोठा झाला, आणि मोठा झालेला बोअर भंगारातच जातो. दर दहाव्या नगाला गेज, म्हणजे माप तपासायचे साधन, लावायचा असा नियम आहे. तो पाळला गेला नाही. साडेचारला त्यांनी गेज लावला तेव्हा बरोबर मापाच्या बोअरमध्ये जाऊ नये अशी त्याची नो-गो बाजू सहज आत गेली. त्यांनी ऑफसेट दुरुस्त केला, तोवर झालेले ३३ नग पुढच्या चांगल्या नगांत मिसळले आणि नोंदवहीत रात्रभराची मापे बरोबर असल्याचे लिहून टाकले. सकाळी पहिल्या पाळीच्या तपासणीत हे उघड झाले. एकेक नग पुन्हा तपासण्यात माझा आणि आणखी दोघांचा अर्धा दिवस गेला.

मला नुकसानीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक लागली. रात्री मला एक फोन करणे त्यांना का जमले नाही? माझा मोबाइल दिवसरात्र चालू असतो. कोणाचे मशीन अडले की मी स्वतः जाऊन सेटिंग करून देतो, बारा-बारा तास थांबतो, आणि इतके करूनही माणसे माझ्यापासून दूर जात असल्याचे जाणवते. नेतृत्व शिकता येते का, आणि अशा जुन्या-नव्या माणसांचा एक गट कसा उभा राहतो, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

जुना फोरमन, सांगलीवाडी

उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे. याआधी तात्यांनी तुम्हाला एखादी वाईट बातमी आपण होऊन सांगितली होती का, आणि सांगितली असल्यास तुम्ही त्यावर काय केले?

कुपवाडचा सेटर (प्रश्नकर्ता)

सांगितली होती. बढतीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या हातून कापणारे टूल नग धरणाऱ्या चकवर आदळले आणि ते स्वतः माझ्याकडे आले. त्या दिवशी माल पाठवायची घाई होती. "एवढ्या वर्षांनंतर तुम्हालाही हे सांगावे लागते का?" असे मी म्हणालो. शेजारी तीन प्रशिक्षणार्थी उभे होते. त्यानंतर मी त्यांना बाजूला करून मशीन स्वतःच लावले.

जुना फोरमन, सांगलीवाडी

मग रात्री फोन का आला नाही, याचे उत्तर तुमच्याजवळ आहे. ज्या माणसाने तुम्हाला घडवले त्याला तुम्ही पोरांसमोर कमी लेखले आणि त्याच्या हातातले मशीन काढून घेतले. यांतला दुसरा अपमान पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण शब्द माणूस विसरतो, पण कारागिराच्या हातातून काम काढून घेतले तर ते त्याच्या मनात राहते. तुम्हाला दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. उत्तम सेटरला सुपरवायझर केले की बहुतेक ठिकाणी असेच होते, कारण अडचण दिसताच त्याचा हात मशीनकडे जातो. मी स्वतः पहिली दोन वर्षे हेच केले आणि माझ्या पाळीतल्या माणसांनी हळूहळू डोके वापरणे बंद केले. त्यांना ठाऊक असायचे की साहेब येतील आणि लावून देतील.

आता उपयोगाचे सांगतो. टोयोटाच्या कारखान्यांतील दोरीची पद्धत तुम्ही ऐकली असेल. असेंब्ली लाइनच्या कडेने दोरी असते आणि काही चुकल्याचा संशय आला की साध्या कामगारानेही ती ओढायची असते. ओढताक्षणी लाइन थांबते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात आधी दिवा लागतो, सूचनेचा आवाज होतो आणि गटप्रमुख तिथे पोचतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत अडचण सुटली तर काम चालू राहते, न सुटल्यासच लाइन थांबते. ही पद्धत दोरीच्या बळावर टिकलेली नाही. दोरी ओढणाऱ्याकडे येणारा माणूस कपाळाला आठ्या घालून येत नाही, म्हणून ती टिकली. आपल्याकडे काही कारखान्यांनी दिवे बसवले, घंटा बसवल्या आणि वर्षभरात त्यांवर धूळ बसली, कारण घंटा वाजवणाऱ्याला पहिला प्रश्न "कोणी केले?" असा यायचा. "काय झाले?" असे विचारायला किती दिवसांनी जमेल ते बघा, मला फार वेळ लागला होता.

आणखी एक. तिथे साधारण चार-पाच माणसांमागे एक गटप्रमुख असतो. तुम्ही एकटे चौदा जणांना सांभाळता आणि मोबाइल दिवसरात्र चालू ठेवल्याचे सांगता. चौदा जणांचे तीन गट पाडा आणि त्यांतला एक तात्यांकडे द्या. उपकार म्हणून देऊ नका, खरे काम म्हणून द्या.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना, म्हणजे आजची किर्लोस्करवाडी, वसवला तेव्हा त्यांच्याभोवती शिकलेल्या तंत्रज्ञांची फौज नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे नावाजलेले यंत्रज्ञ झाले, हिशेब मंगेशराव रेग्यांनी सांभाळला, वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता, आणि दरोड्याबद्दल शिक्षा झालेल्या दोघांना चक्क पहारेकरी नेमण्यात आले. ज्याच्याकडून जगाला धोका वाटतो त्याच्याच हाती किल्ल्या देण्यासाठी छाती लागते. तुम्हाला तर फक्त तुमच्या गुरूच्या हाती चार पोरे द्यायची आहेत.

वॉर्ड नंबर तीन, सातारा

मी साताऱ्यातील एका रुग्णालयात परिचारिका प्रमुख आहे. क्षेत्र वेगळे असले तरी प्रश्न माझ्या ओळखीचा वाटला म्हणून लिहीत आहे.

चुका लपवण्याविषयी एमी एडमंडसन या अमेरिकन अभ्यासिकेचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. रुग्णालयांतील औषधांच्या चुकांवरचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वॉर्डातील गट चांगला त्या वॉर्डात चुका कमी, अशी त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. हाती आलेली आकडेवारी मात्र उलटी निघाली आणि चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त दिसल्या. पुढे खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या वॉर्डांत चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते, आणि इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन करणाऱ्या कंपनीतील ५१ गट अभ्यासले, म्हणजे हा विषय दवाखान्यापुरता नाही. तिथेही असेच दिसले की बोलल्याने आपली फजिती होणार नाही असा भरवसा ज्या गटात असतो, तो गट लवकर शिकतो आणि चांगले काम करतो. या भरवशाला त्या मानसिक सुरक्षितता म्हणतात.

माझा अनुभव असा. मी प्रमुख झाले तेव्हा आठवड्याच्या बैठकीत कोणीच काही बोलत नसे. एके दिवशी मी स्वतःची चूक सांगितली: नवीन असताना मी सलाइनचा वेग दुप्पट लावून ठेवला होता आणि रुग्णाच्या मुलाने विचारले म्हणून तो माझ्या लक्षात आला. खोलीत बराच वेळ शांतता होती. पुढच्या आठवड्यात आमची सर्वांत लहान सिस्टर बैठक संपल्यावर मागे राहिली आणि तिने आपली एक चूक सांगितली. बैठकीत सांगायला तिला आणखी दोन महिने लागले. तेव्हा एका माफीने तात्या बोलू लागतील अशी अपेक्षा ठेवू नका.

पाळी बदलतानाची आमची एक रीत तुमच्याही उपयोगाची आहे. कार्यभार टेबलापाशी बसून, वहीवरून दिला जात नाही. दोघी खाटेशी उभ्या राहतात, जाणारी सांगते आणि येणारी ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवते. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितले तरी ते लिहून त्यांना वाचून दाखवावे लागते. तुमच्याकडे इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला नग दुसऱ्या माणसाने मोजून आकडा मोठ्याने सांगितला असता, तर ३३ पैकी ३२ नग वाचले असते. यात कोणावर अविश्वास नाही. रात्री दोन वाजता अधिक आणि वजा यांत कोणाचीही गल्लत होऊ शकते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

वरचे दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना आहे आणि बावीस जणांचा पगार दर महिन्याच्या सात तारखेला मला द्यावा लागतो.

चूक पोटात घालता येते, खोटी नोंद घालता येत नाही. तात्यांनी ऑफसेट चुकीचा दिला ही चूक झाली. गेज लावला नाही हा हलगर्जीपणा झाला. बाद नग चांगल्या नगांत मिसळून वहीत खोटी मापे लिहिली, ही मात्र फसवणूक आहे आणि तो भाग ग्राहकाच्या पंपात बसला असता तर तिथे कोणाच्या मनाच्या जखमा कोणी विचारात घेतल्या नसत्या. सुपरवायझरने या तिन्हींना एकाच मापाने मोजले तर नियमाने वागणाऱ्या बाकीच्या तेरा जणांवर अन्याय होतो. ते तेरा जण आता बघत आहेत की वयाने मोठ्या, ओळखीच्या माणसाला वेगळा न्याय मिळतो का. आपल्याकडे कामावरची निम्मी माणसे एकमेकांच्या गावची, भावकीतली किंवा सोयऱ्यांतली असतात. अशा ठिकाणी हा प्रश्न जास्तच नाजूक होतो.

गट या शब्दाचाही मला थोडा धाक वाटतो. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाची ताकद एकट्याने ओढताना लागते त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आली. सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, हे आपल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या हिशेबातही दरवर्षी दिसते. म्हणून माझ्याकडे प्रत्येक तुकडीवर काम करणाऱ्याचा क्रमांक खडूने लिहिलेला असतो. दोष निघाला की तो माणूस स्वतः येऊन बघतो. गट मोठा ठेवू नका आणि कोणाचे काम कोणते हे धूसर ठेवू नका.

वॉर्ड नंबर तीन, सातारा

खोट्या नोंदीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याकडेही औषध न देता दिल्याची सही करणे ही वेगळ्याच प्रतीची गोष्ट मानतात. माझे म्हणणे इतकेच की शिक्षा करताना ती कशाबद्दल आहे हे स्पष्ट बोलावे. ३३ नगांबद्दल लेखी समज दिली तर पुढचा माणूस नग लपवायला शिकेल. खोट्या नोंदीबद्दल दिली, आणि नग बाद झाल्याबद्दल एक शब्दही काढला नाही, तर निरोप वेगळा जाईल.

जुना फोरमन, सांगलीवाडी

ताईंनी नेमके सांगितले. दोराविषयी एक पुस्ती जोडतो. पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की ओढणाऱ्यांचा दम एका वेळी लागत नाही हे त्या घटीचे एक कारण असते आणि आळस हे दुसरे. माणसे कामचुकार आहेत असे ठरवण्यापूर्वी "हैय्या" म्हणणारा कोणी आहे की नाही ते पाहावे. नोंदवहीचे म्हणाल तर पाळीच्या शेवटी एकाच शाईने, एकाच दमात भरलेली वही मी जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये पाहिली आहे. ती वाचून सही करणारे साहेबही मी पाहिले आहेत, आणि त्यांत मीही होतो. कुपवाडकर, रात्रभराची सगळी मापे एकसारखी बरोबर आलेली वही पूर्वी कधी तुमच्याकडे आली होती का आणि तुम्ही तिच्यावर सही केली होती का, हेही तपासा.

कुपवाडचा सेटर (प्रश्नकर्ता)

उत्तर द्यायला पाच आठवडे लावले, त्याबद्दल क्षमस्व. काही करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

जुन्या वह्या काढून पाहिल्या. तशा वह्या होत्या, अनेकांच्या होत्या आणि सर्वांखाली माझी सही होती. त्यामुळे तात्यांना लेखी समज देण्यापूर्वी मी व्यवस्थापनाला हे सांगितले आणि समज आम्हा दोघांनाही मिळाली. समज फक्त खोट्या नोंदीबद्दल होती. त्या आधी मी तात्यांना गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेले होते. माफी तिथे मागितली, परंतु बोललो होतो ते पोरांसमोर, म्हणून दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला त्याच तिघांसमोर पुन्हा मागितली. तात्या काहीच बोलले नाहीत. हातातले सुती फडके दोनदा झटकले आणि मशीनकडे गेले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतेही बोलले नाहीत.

चौदा जणांचे तीन गट केले. पाचही प्रशिक्षणार्थी तात्यांच्या गटात दिले. व्यवस्थापनाला हे पटवणे जड गेले, कारण त्यांच्या दृष्टीने ज्याला समज दिली त्यालाच शिकवायला बसवले जात होते. त्या ठिकाणी किर्लोस्करवाडीच्या पहारेकऱ्यांचा दाखला कामी आला. इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला नग दुसऱ्याने मोजायचा आणि त्याच्याच सहीने नोंद करायची, असा नियम घातला. पाळी बदलताना आता मशीनपाशी उभे राहून सांगतात. परत म्हणून दाखवायला सुरुवातीला सगळे लाजत होते, आणि एकाने तर पाढे म्हटल्यासारखे म्हणून सर्वांना हसवले.

अडचणी संपलेल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात बाद नगांची नोंद ११ झाली, दुसऱ्यात १९. साहेबांनी बोलावून विचारले की तुमच्या सुधारणांमुळे बाद नग वाढले कसे. सिस्टर प्रमुखांनी वर लिहिलेला रुग्णालयांचा अभ्यास मी त्यांना जमेल तसा सांगितला. त्यांनी महिनाभराची मुदत दिली आहे. चौथ्या आठवड्यात आकडा १४ वर आला, पण एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. एक ऑपरेटर, जो माझ्याच बरोबरीने लागला होता, अजूनही "आता तुम्ही साहेब" असे टोमणे मारतो आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

परवाच्या रात्री २.४० ला फोन वाजला. प्रशिक्षणार्थी मुलगा होता. "सर, नो-गो आत जातोय. तात्यांनी मशीन बंद केलंय. तुम्हाला कळवायला सांगितलं." मी सवयीने उठून पँट चढवली होती, बायकोने गाडीची किल्लीही पुढे केली होती. मग थांबलो आणि विचारले की तात्यांचे काय म्हणणे आहे. पलीकडे कुजबुज झाली. चिप (धातूचा कीस) अडकून इन्सर्ट नीट बसला नसावा, साफ करून पुन्हा बसवतो आणि पहिला नग मोजून मग पुढे जातो, असे त्यांचे म्हणणे असल्याचे कळले. तसेच करा, असे सांगून मी फोन ठेवला आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत जागाच राहिलो.

सकाळी बाद नगांच्या लाल पेटीत तीन नग होते आणि वहीत तात्यांच्या तिरप्या अक्षरात २.३५ ची नोंद होती. मापे लिहिताना पेन दोनदा बदललेले दिसत होते. फोन मात्र ते अजून स्वतः करत नाहीत, पोरांना करायला लावतात.